टर्बो बदलण्याआधी तेलाची नळी बघा

धुळ्याहून इंदूरला येताना खलघाटला नर्मदा ओलांडली, की धामनोदच्या पुढे माळव्याच्या पठारावर चढणारा घाट लागतो. माझ्या मावसभावाची २०१४ची डिझेल स्विफ्ट त्या चढावर बसली. आधी बारीक शिटी, मग भोंग्यासारखा चढत जाणारा आवाज, मग मागे निळ्या धुराचा लोट. पाय कितीही दाबला तरी गाडी उचलेना. डिकीत लोणच्या-पापडांची खोकी, शेजारी मावशी. गाडी ओढून इंदूरला आणली. गॅरेजमध्ये ऐकायला मिळालं, "टर्बो गया भाईसाब, नया ही डलेगा." ४१ हजार रुपये मोजून नवा टर्बो बसवला. अकराशे किलोमीटरनंतर तोही तसाच ओरडत गेला.

गॅरेजवाल्यानं वॉरंटी नाकारली. तेल न पोचल्यामुळे टर्बो जळालाय, मालात दोष नाही, असं त्याचं म्हणणं. ते खरंच होतं, आणि मला राग आला तो त्याचाच. तेल पोचत नाही हे दुसरा टर्बो जळाल्यावर दिसतं, तर पहिला जळाला तेव्हा का बघितलं नाही?

मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. रविवारी इंदूरच्या राजेंद्र नगरातले ओळखीचे लोक हातात एस्टिमेटचा कागद घेऊन घरी येतात आणि हल्ली त्यात टर्बोचे कागद फार आहेत. मारुतीनं एप्रिल २०२०मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, म्हणजे रस्त्यावरची त्यांची प्रत्येक डिझेल गाडी आता जुनी झाली आहे. दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाडीला मनाई झाल्यावर तिकडच्या अनेक गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या गेल्या. शिवाय नव्या छोट्या पेट्रोल गाड्यांतही टर्बो सर्रास येऊ लागला आहे. पूर्वी टर्बो ही ट्रकवाल्यांची काळजी होती, आता ती पगारदार घरात आली आहे. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

टर्बो करतो काय?

पोहे-जलेबीच्या दुकानाची भट्टी आठवा. कोळसा तेवढाच असतो, पण खालचा ब्लोअर सुरू केला की आग दुप्पट होते. चुलीत फुंकणीनं हवा घालतो, तेही हेच. जळणाला हवा जास्त मिळाली की त्याच जागेत जास्त जळण नीट जळतं आणि जास्त ताकद मिळते. टर्बो हा इंजिनाचा ब्लोअर आहे.

मात्र त्याला वेगळी मोटर नसते. इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा तापलेला धूर वाटेत एक छोटं पंख्याचं चाक फिरवतो. त्या चाकाचा दांडा पलीकडे दुसऱ्या चाकाला जोडलेला असतो आणि ते दुसरं चाक बाहेरची स्वच्छ हवा दाबून इंजिनात ढकलतं. एका काडीच्या दोन टोकांना दोन भिंगऱ्या लावल्यात, एकीवर धूर आदळतो आणि दुसरी हवा फेकते, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. दाबलेली हवा गरम होते, म्हणून ती पुढे इंटरकूलर नावाच्या जाळीतून थंड करून आत जाते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं.

टर्बोनं फरक किती पडतो? स्विफ्टमधलं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन साध्या टर्बोवर ७५ हॉर्सपॉवर देत होतं. त्याच इंजिनाला धुराच्या वाटेतली पाती गरजेप्रमाणे वळवणारा टर्बो लावला, की दुसऱ्या मॉडेलांत ते ९० द्यायचं. या पातीवाल्या टर्बोला व्हीजीटी म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, खर्चाच्या वेळी तो पुन्हा येईल.

मिक्सरच्या दहापट वेग, आधार फक्त तेलाचा

घरातला मिक्सर पूर्ण वेगात मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतो. छोट्या गाडीचा टर्बो दोन लाखांच्या घरात जातो. डिझेल गाडीत घाट चढताना त्याच्या एका बाजूला ७०० अंशांच्या आसपास तापलेला धूर असतो, पेट्रोलमध्ये तर ९००च्या पुढे. एवढ्या वेगात लोखंडावर लोखंड घासलं तर काही सेकंदांत खेळ संपेल. म्हणून बहुतेक टर्बोंचा दांडा तेलाच्या केसाहून बारीक थरावर तरंगत फिरतो. हे तेल म्हणजे इंजिनाचंच ऑइल. ते एका करंगळीहून बारीक नळीतून दाबानं वरून येतं, दांड्याला न्हाऊ घालतं, उष्णता उचलतं आणि खालच्या जाड नळीतून आपल्या वजनानं इंजिनाच्या चेंबरमध्ये उतरतं.

टर्बोचं सगळं आयुष्य या दोन नळ्यांवर आहे.

ऑइल बदलायला उशीर झाला, चुकीच्या ग्रेडचं घातलं किंवा घाट चढून ढाब्यावर पोचताच लगेच चावी बंद केली, की दांड्याजवळ आणि नळीत उरलेलं ऑइल करपतं. कढईच्या बुडाला तेलाची काळी पुटं बसतात ना, तशीच पुटं नळीच्या आतून चढतात. नळी बाहेरून ठणठणीत दिसते, आतली वाट अर्धी झालेली असते. सपाट रस्त्यावर तेवढं तेल पुरतं, घाटात पुरत नाही.

मावसभावाच्या गाडीची ती वरची नळी मी काढून उजेडाकडे धरली. आरपार दिसायला हवं होतं, तिथे मोहरीच्या दाण्याएवढं भोक उरलं होतं. तार घातली तर काळे खडे हातावर पडले. ४१ हजारांचा नवा टर्बो याच जुन्या नळीला जोडला होता.

दुसरं कारण खालच्या नळीचं. ती चेपली किंवा तुंबली, की मोरी तुंबल्यावर न्हाणीघरात पाणी साचतं तसं टर्बोत तेल साचतं आणि दोन्ही बाजूंनी बाहेर पडू लागतं. टर्बो धडधाकट असतो, पण धूर निळा येतो आणि दोष त्याच्यावर येतो. एअर फिल्टर धुळीनं गच्च झाला तरी टर्बो आतून तेल ओढतो. फिल्टर फाटला, त्याची पेटी नीट बसली नाही किंवा कुणी वॉशर आत विसरलं, तर मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणाऱ्या पात्यांवर तो कण छर्ऱ्यासारखा आदळतो. हवेचा पाइप चिरला, तर कमी पडलेली हवा भरून काढायला टर्बो वेडावाकडा जास्त फिरतो आणि झिजतो. आपलं आपण वय होऊन मरणारे टर्बो थोडे. बहुतेकांना मारणारं कारण गाडीतच बाहेर कुठेतरी असतं, आणि ते तसंच ठेवलं तर पुढच्या टर्बोचाही जीव घेतं.

आधी खात्री करा, टर्बोच गेलाय का?

पिकअप गेला म्हणजे टर्बो गेला, असं धरून चालू नका. टर्बो ते इंटरकूलर, इंटरकूलर ते इंजिन या रबरी पाइपांना बारीक चीर पडली तरी गाडी उचलत नाही, काळा धूर मारते आणि फुस्स असा आवाज येतो. पाइपाखाली तेलकट धूळ चिकटलेली दिसली तर तिथेच बघा. काम काहीशे किंवा हजार-दोन हजारांचं असतं. टर्बोचा दाब आवरणाऱ्या छोट्या डब्याची व्हॅक्यूमची नळी निघाली तरी हीच लक्षणं. धुराचा रंगही सांगतो: काळा म्हणजे हवा कमी पडतेय, निळा म्हणजे ऑइल जळतंय.

टर्बोची खरी परीक्षा हातानं होते आणि ती मिस्त्रीनं तुमच्यासमोर करायला हवी. इंजिन बंद आणि गार असताना हवेचा पाइप काढायचा आणि आतल्या चाकाचा मधला नट चिमटीत धरायचा. डावी-उजवीकडे किंचित हाललं तर घाबरू नका, ती तेलाच्या थराची जागा आहे. पण आत-बाहेर हाललेलं बोटाला जाणवलं, किंवा हालवताना पातं भिंतीला घासलं, तर टर्बो गेला. पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या असतील तरी गेला. पाइपात तेलाचा हलका ओलावा असतोच, तो दाखवून कुणी टर्बो बदलायला सांगत असेल तर दुसऱ्या मिस्त्रीकडे जा. तेल थारोळ्यासारखं साचलं असेल तर गोष्ट वेगळी.

हातात १५ हजार असतील तर

मावसभावाकडे तेवढेच उरले होते. "दादा, आता कर्ज काढायचं नाही," हे त्यानं पहिल्याच वाक्यात सांगितलं. नवा टर्बो दुसऱ्यांदा घेण्याचा प्रश्नच नव्हता. अशा वेळी बाजारात काय काय मिळतं ते समजून घेऊ.

टर्बोच्या बाहेरच्या बाजूला शंखाच्या आकाराची दोन जाड कवचं असतात, ती सहसा खराब होत नाहीत. खराब होतो मधला भाग: दांडा, दोन्ही चाकं, बेअरिंग. हा मधला भाग तयार जोडलेला मिळतो, त्याला 'कोअर' म्हणतात. कवचांना आतून ओरखडे नसतील, तर फक्त कोअर बदलता येतो आणि खर्च पुष्कळ खाली येतो. अट एकच: कोअर मशीनवर वेगात फिरवून बॅलन्स केलेला हवा. छताच्या पंख्याचं एक पातं जरा वाकलं तर पंखा कसा हलतो! इथे दोन लाख फेऱ्यांची गोष्ट आहे. चांगल्या कोअरसोबत बॅलन्सचा आलेख छापलेला कागद येतो. तो मागा. नसेल तर तो माल घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

जुना टर्बो उघडून बेअरिंग-रिंगांचं किट घालणारे कारागीर आपल्याकडे आहेत, हातही चांगला असतो. पण बॅलन्सचं मशीन नसेल तर ते काम मी कुणाला सुचवत नाही. अपघातात गेलेल्या गाडीचा टर्बो कबाड्याकडे मिळतो. स्वस्त असतो, पण त्यानं कोणतं ऑइल प्यायलं हे कुणालाच माहीत नसतं. घ्यायचाच तर टर्बोच्या पट्टीवरचा पार्ट नंबर अक्षरन् अक्षर जुळवा आणि वर सांगितलेली हाताची परीक्षा दुकानातच करा. डब्यावर नाव नसलेला 'नवा' टर्बो मात्र या सगळ्यांत वाईट सौदा. त्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीनं स्वतः दुरुस्त करून वॉरंटीसह विकलेला जुना बरा.

आता व्हीजीटीची गोष्ट. त्यातली हलणारी पाती कोअर बदलल्यावर मशीनवर परत नेमकी लावावी लागतात. अंदाजानं लावली तर गाडी एकतर उचलत नाही किंवा टर्बो गरजेपेक्षा फार जास्त दाब काढतो. तुमच्या गाडीत व्हीजीटी असेल तर नुसता कोअर आणून गल्लीत बसवू नका. टर्बोचंच काम करणाऱ्या दुकानात द्या. मावसभावाचा साधा होता, ते बरं झालं.

आमचा हिशोब असा झाला. कोअर ८,५००. तेलाच्या दोन्ही नळ्या नव्या, १,९००. ऑइल आणि फिल्टर २,०००. पॅकिंग आणि तांब्याचे वॉशर ६००. इंटरकूलर काढून धुणं आणि मजुरी २,५००. एकूण १५,५००. तुमच्या गाडीचे भाव वेगळे असतील, पण प्रमाण बघा. नळ्या, ऑइल आणि वॉशर मिळून साडेचार हजार, आणि पहिल्या ४१ हजारांच्या बिलात यातली एकही ओळ नव्हती. पैसे कमी असतील तर टर्बोवरचे कमी करा, या साडेचार हजारांतला रुपयाही कमी करू नका.

एक गोष्ट एस्टिमेटबद्दल. २२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. आधी बऱ्याच भागांवर तो २८ होता. करापूर्वी ३० हजारांचा टर्बो तेव्हा ३८,४००ला पडायचा, तो आता ३५,४००ला पडायला हवा. जुन्या दरानं लिहिलेला कागद कुणी पुढे करत असेल तर नवा मागा. बिल पक्कं घ्या, कारण वॉरंटी त्या कागदावर असते. आणि काढलेला जुना टर्बो घरी आणा. त्याची कवचं पुढे कामाला येतात, कोअर किंवा दुरुस्त टर्बो विकणारे त्याच्या बदल्यात पैसे कमी करतात. मावसभावाचा पहिला टर्बो गॅरेजनं ठेवून घेतला आणि यानं मागितलाही नाही.

टर्बो काढूनच टाकला तर?

हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. जुन्या काळी बिनटर्बोची डिझेल इंजिनं धावायचीच की! धावायची, कारण ती तशीच बनवलेली होती. तुमचं इंजिन आत येणारी हवा आधीच दाबलेली असणार असं धरून बनवलंय. टर्बो काढला की हवा कमी, डिझेलचं गणित चुकलेलं, धूर काळा, आणि गाडीचा कॉम्प्युटर ताकद आणखी आवळतो. पीयूसी मिळणं अवघड. शिवाय कंपनीनं दिलेल्या रचनेत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. दोन-चार हजार वाचवून विकता न येणारी गाडी पदरात पडते.

थोडे दिवस तशीच चालवली तर?

पैसे जमेपर्यंत गाडी उभी ठेवा, एवढंच मी हात जोडून सांगेन. पैशापेक्षा हे जिवाचं आहे.

टर्बो फुटून ऑइल हवेच्या वाटेनं इंजिनात जाऊ लागलं, तर डिझेल इंजिन ते ऑइलच जळण म्हणून वापरतं. मग चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही. चावीनं डिझेल तोडलं, पण त्याला डिझेल नकोच आहे. आवाज वाढत जातो, पांढरा-निळा धूर कोंडतो आणि शेवटी इंजिन तुटतं. असं झालं तर ब्रेक घट्ट दाबा, चौथा-पाचवा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन दाबून बंद पाडा. बॉनेट उघडून डोकं आत घालू नका. बंद पडत नसेल तर सगळ्यांना उतरवून लांब उभे राहा.

याच कारणासाठी टर्बो बदलताना इंटरकूलर काढून धुवायलाच हवा. जुन्या टर्बोनं ओकलेलं ऑइल त्यात साठलेलं असतं. नवा टर्बो बसवून चावी मारली, की तेच ऑइल इंजिनात ढकललं जातं. मावसभावाच्या इंटरकूलरमधून मी पाऊण बाटली ऑइल ओतलं, त्यात पात्याचा नखाएवढा तुकडाही निघाला. तो पहिल्या टर्बोचा होता.

विमा देईल ना?

साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. टर्बो आपसूक गेला तर पैसे मिळत नाहीत. इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर घेतलं असेल तर त्याचा कागद वाचा. त्यातही बहुधा पाणी शिरणं किंवा धक्का बसून ऑइल गळणं अशा घटनांनंतरचं नुकसान धरतात, उशिरा बदललेल्या ऑइलचं नाही.

एवढ्या जुन्या गाडीत पैसे घालावेत का?

बंद टर्बोची गाडी विकायला काढली, तर घेणारा नव्या टर्बोची पूर्ण किंमत आणि वर थोडी धाकधूक कापूनच भाव सांगतो. १५ हजारांत दुरुस्त होणारी गाडी चाळीस-पन्नास हजार कमी घेऊन देण्यात अर्थ नाही. इंजिनात दम आहे का ते मात्र आधी पाहा. ऑइलच्या झाकणातून धपधप वाफ येत असेल, म्हणजे पिस्टनच झिजले असतील, तर नवा टर्बोही त्या दाबानं तेल गाळणार. तिथे मी पैसे घालू नका म्हणेन.

बसवण्याच्या दिवशी शेजारी उभे राहा

नळीच्या पॅकिंगला सिलिकॉनची पेस्ट लावू देऊ नका. तिचा एक लोंबता तुकडा सुटला की तेलाची वाट बंद. नवा कोअर जोडण्याआधी त्याच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतून चाक हातानं फिरवायचं. मग इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचं कनेक्शन काढून दोन-तीनदा नुसता स्टार्टर मारायचा, म्हणजे इंजिन पेटण्याआधी तेल वर पोचतं. आम्ही खालची नळी सैल ठेवून तिच्यातून तेलाची धार पडताना डोळ्यांनी पाहिली, मगच ती कसली. पेटल्यावर पाच मिनिटं गाडी नुसती चालू ठेवली, रेस दिली नाही.

सकाळी पहिली किल्ली मारल्यावर अर्धा मिनिट थांबायचं, घाट चढून आल्यावर चावी बंद करण्याआधी दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवायचं, हे मावसभावानं आता अंगवळणी पाडून घेतलंय. ऑइल तो मॅन्युअलमधल्या ग्रेडचं आणि सांगितलेल्या किलोमीटरांच्या आधी बदलतो.

पाचशे किलोमीटर झाल्यावर तो गाडी घेऊन आला. इंटरकूलरचा पाइप काढून मी आत बोट फिरवलं, बोट जवळजवळ कोरडं आलं. ऑइलची पट्टी होती त्याच खुणेवर. दुसऱ्या दिवशी खोकी भरून तो धुळ्याला निघाला आणि परतीच्या वाटेवर घाट चढून मानपूरला पोचल्यावर त्यानं फोन केला. इंजिन अजून चालूच होतं, दोन मिनिटं व्हायची होती.